खंडेनवमीची मटकी

अवकाशात मटकीला मोड आले तर ते कुठल्या दिशेला जातील, हा माझ्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा विषय होता. पुण्यात हा विषय कुणालाही सांगितला की माणूस आधी मिसळीवर येतो. आमच्या मॅडमही आल्या. मी आणि माझी प्रकल्पातली जोडीदारीण प्रयोगाची कल्पना घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिलो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. अंतराळवीरांच्या न्याहारीची सोय झाली. फरसाण कोण पाठवणार आहे?"

मॅडमनी चेष्टा केली म्हणजे त्यांना काम आवडलं, हे कळायला मला वर्ष लागलं होतं. जोडीदारीण यवतमाळची, होस्टेलवर राहणारी. तिला ते अजून कळायचं होतं. बाहेर येऊन ती रडवेली होऊन म्हणाली, "नाही म्हणून राहिल्या काय वं त्या?"

नाही म्हणत नव्हत्या. एका अवकाश मोहिमेत विद्यार्थ्यांच्या छोट्या छोट्या प्रयोगांसाठी थोडी जागा राखून ठेवली होती, आणि जेवणाच्या डब्यात मावेल एवढा आमचा प्रयोग तिथे पाठवायचं स्वप्न आम्ही दोघी पाहत होतो. त्याआधी जमिनीवर काम करून दाखवायचं होतं. मूळ खाली जातं आणि कोंब वर येतो, हे बीला कुणी शिकवत नाही. पण वर गेल्यावर 'खाली' नावाची गोष्टच उरत नाही. मग मुळानं जायचं कुठे? जमिनीवर राहून हे थोडंफार बघता येतं. बियांच्या काचेच्या तबकड्या एका उभ्या चाकावर बसवायच्या आणि ते चाक अगदी सावकाश, दिवसरात्र फिरवत ठेवायचं. मग मुळाच्या दृष्टीनं खालची बाजू सतत बदलत राहते. शेवटी ते बिचारं नाद सोडतं आणि जिकडे तोंड असेल तिकडे वाढत जातं. अट एकच. चाक थांबता कामा नये. थोडा वेळ जरी थांबलं तरी मुळाला खालचा पत्ता लागतो आणि ते त्या बाजूला वाकतं.

असं यंत्र कॉलेजात नव्हतं. बाहेरून मागवण्याच्या खर्चाची गोष्ट निघाली तेव्हा मॅडमनी फक्त खिडकीबाहेर पाहिलं. त्या रात्री मी जेवताना घरी हेच तावातावानं सांगत होते. ताटातल्या आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेवर चाक काढून दाखवत होते. आई म्हणाली, "आधी जेव." आणि अण्णांनी विचारलं, "मिनिटाला किती फेरं?"

मी बोलायची थांबले. आईनं पोळी वाढता वाढता हात मागे घेतला.

अण्णा म्हणजे माझे वडील. धायरी नुसतं गाव होतं तेव्हापासूनचे आम्ही धायरीचे. आता आमच्या शेताच्या जागी सोसायट्या आहेत आणि त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या खात्यात होते, सगळी नोकरी तिथेच केली. मग टूलरूम बंद झाली, सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती नावाची सक्ती झाली, आणि अण्णा आपली लोखंडी हत्यारपेटी घेऊन कंपनीच्या बसनं शेवटचे घरी आले. आल्या आल्या त्यांनी पेटी माळ्यावर टाकली आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसले. ते बसले ते बसलेच. भाजी आणा म्हटलं तर आणायचे, आणि पुन्हा बसायचे. चिडचिड नाही, हट्ट नाही. घरात कुणी भिडस्त पाहुणा राहायला आला असावा तसे राहायचे. मला त्यांच्या रागाची सवय होती, या शहाण्यासारख्या वागण्याची नव्हती. मला ते मुळीच सहन होत नव्हतं.

खंडेनवमी आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. हत्यारांची पूजा. लहानपणी मी अण्णांना फक्त त्या दिवशी मऊ आवाजात बोलताना ऐकलं आहे, आणि तेसुद्धा पान्यांशी आणि कानशीशी. एकेक हत्यार पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडू ठेवायचे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या नवमीला आईनं पाट काढून ठेवला, तर म्हणाले, "कसली पूजा? चालतंय काय त्यातलं?" दुसऱ्या वर्षी आईनं पाट काढलाच नाही.

म्हणून त्या रात्रीचं "किती फेरं" आम्हाला ऐकू आलं तसं दुसऱ्या कुणाला आलं नसतं. मी जपून म्हटलं, "एक. फार तर दोन."

"वजन?"

"चार तबकड्या. हलक्या."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर गॅलरीत खुर्ची नव्हती, ती माळ्याखाली होती. भंगारवाल्याकडून आणलेल्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी छोटी मोटर खोलून त्यांनी वर्तमानपत्रावर पसरली होती आणि पेटी उघडी होती. पुढचे काही आठवडे ते गल्लीतल्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभे असायचे. घरी यायचे ते कपड्यांना मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास घेऊन. आई तो वास आला की पूर्वी नाक मुरडायची. आता ती तो शर्ट लगेच धुवायला टाकत नसे. एकदा ते शीळ घालत चाक पॉलिश करत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी एक अक्षर न बोलता आपापल्या कामाला लागलो. बोललो असतो तर दृष्ट लागली असती.

यंत्र कॉलेजात ठेवणं शक्य नव्हतं. तिथे संध्याकाळी वॉचमन मेन स्विच बंद करून जातो, आणि गुरुवारी वीज जाते ती वेगळीच. घरी अण्णांनी स्वतः जोडलेला इन्व्हर्टर होता. अडगळीच्या खोलीतली अडगळ बाहेर आली, खिडकीला काळा कागद लागला आणि दारावर अण्णांच्या हातची पाटी लागली: 'आत मटकी फिरत आहे. दार हळू लोटावे. का फिरत आहे ते विचारू नये.' फोटो काढताना उजेड नको म्हणून टॉर्चवर हिरवा जिलेटीन कागद लावून आम्ही सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आत जायचो. जोडीदारीण तेवढ्यापुरती आमच्याकडे राहायला आली. आईनं तिला चार दिवसांत असं खाऊ घातलं की ती फोनवर तिच्या बाबांना म्हणाली, "प्रयोग मटकीवर नाही चालू, माह्यावर चालू आहे."

नेमकं नवरात्र सुरू झालं. देवघरात आईच्या घटातली धान्यं सरळ वर येत होती आणि भिंतीपलीकडे आमची मटकी चाकावर फिरत होती. आई म्हणायची, "तिकडे देव बघतोय, इकडे तुझे अण्णा बघतायत." देवाचं माहीत नाही, पण अण्णा रात्री उठून दाराला कान लावायचे. मोटरचा आवाज नीट आहे ना ते ऐकायचे.

नवमीच्या दिवशी आम्हा दोघींना कॉलेजात दिवसभर काम होतं. संध्याकाळी घरी आलो आणि खोलीत शिरलो. हिरव्या उजेडात चाक नेहमीसारखं सावकाश फिरत होतं. त्याच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि खाली लाकडी बैठकीवर झेंडूची माळ. बाहेर पाटावर पेटीतली सगळी हत्यारं पुसून मांडलेली. मला जो आनंद झाला तो मला अजून नीट सांगता येत नाही. वर्षातून एकदा मऊ आवाजात बोलणारा माझा बाप परत आला होता. मी स्वस्तिकाचा फोटो काढला. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "बरं दिसतंय का?" मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेले, तर म्हणाले, "माझ्या काय पडतीस, मशीनच्या पड." मी मशीनच्या पाया पडले. मग आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या.

दसऱ्यानंतर आम्ही सगळे फोटो कॉलेजातल्या संगणकावर ओळीनं लावले. पहिल्या दिवसांतली मुळं आपापल्या दिशेनं सरळ चालली होती. आणि मग नवमीच्या संध्याकाळच्या फोटोत प्रत्येक मूळ वाकलं होतं. चारही तबकड्यांत, एकूण एक मूळ, एकाच बाजूला. कोपरात हात मुडपावा तसं. त्यानंतर ती पुन्हा सरळ चालली होती, पण नव्या दिशेला.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "ही मटकी सदाशिव पेठेतली का? दुपारी एक ते चार बंद?"

"लाईट गेली असन मॅडम," जोडीदारीण म्हणाली.

"आणि तो जगप्रसिद्ध इन्व्हर्टर?"

मी फोन काढला आणि तो स्वस्तिकाचा फोटो उघडला. मोठा केला. चार रेघा सरळ, कोन काटकोनात, चारही घरांत एकेक ठिपका. टूलरूममधल्या माणसाचा हात. फिरत्या चाकावर इतकं रेखीव स्वस्तिक काढता येत नाही, कुणालाच येत नाही. मी फोन पालथा ठेवला. जोडीदारणीनं तो उचलून पाहिला आणि पुन्हा पालथा ठेवला.

मॅडम जाताना म्हणाल्या, "का थांबलं ते तुमचं तुम्ही बघा. किती वेळ थांबलं ते मला हवंय. त्याशिवाय हा डेटा मी पाठवणार नाही."

त्या गेल्यावर जोडीदारीण हळूच म्हणाली, "लाईट गेली दोन तास, असं टाकून देऊ ना. कोण पाहून राहिलं?" मोह मलाही झाला. पण दोन तास की पाच तास, हे मला माहीत नव्हतं. ते एकाच माणसाला माहीत होतं. त्याला विचारायचं म्हणजे सांगावं लागणार, की तुम्ही दोन वर्षांनी पूजा केलीत आणि त्या पूजेनं आमचा प्रयोग बिघडला.

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये उभी राहून मी आधी भरपूर चिडून घेतलं. सगळा जन्म मशीनवर काढलेल्या माणसाला 'थांबवायचं नाही' एवढं कळू नये? स्वतःच्या हातानं पाटी लिहिणाऱ्याला? धायरी फाटा येईपर्यंत माझा राग चांगला उकळत होता. घरी आले तर अण्णा गॅलरीत जमिनीवर बसून व्हर्नियर पुसत होते आणि शेजारी कागदावर एका मोठ्या चाकाचं चित्र होतं. सहा तबकड्यांचं. "पुढच्या टायमाला," असं म्हणाले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याजागी जे आलं त्यापेक्षा राग बरा होता.

मी त्यांच्यासमोर बसले. "अण्णा, नवमीला मशीन किती वेळ बंद होतं?"

त्यांचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

मी मुळांचा फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि एखादं ड्रॉइंग वाचावं तसं ते मूळ वाचलं. वाकण जिथे सुरू होत होतं तिथे नख ठेवून म्हणाले, "हितं बंद केलं." मग जरा पुढे, "हितं चालू."

"लय वंगाळ झालं का गं?"

"पुन्हा करावं लागेल."

"म्हंजी झालंच की."

मी मान हलवली. खोटं बोलायला जमलं नाही.

"तीन पाळ्या चालायची आमची मशीनं," ते फोटोकडे बघत म्हणाले. "नवमीला तेवढी बंद. वरीसभर राबणाऱ्याला त्या दिशी इसावा. चालत्या मशीनला कुंकू लावत न्हाईत. तिथं पयल्या दिशी शिकवलं व्हतं मला. मला वाटलं, इवलाली मटकी, थोड्या येळात तिला काय कळतंय."

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती हात पुसत आली. "मी पुरण वाटायला घेतलं तेव्हा बंद केलं त्यांनी. शेवटची पोळी उतरली, नैवेद्य दाखवला आणि लगेच चालू केलं. तेवढा वेळ तिथेच बसून होते, हलले नाहीत."

"म्हणजे किती?"

"अडीच तास धर," आई म्हणाली. "आणि आता पोळ्या किती झाल्या ते विचारू नकोस."

अहवालात मी जे झालं ते लिहिलं: यंत्र पूजेसाठी सुमारे अडीच तास बंद होतं. मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं, त्याखाली लाल रेघ मारली नाही, आणि विचारलं, "पोळ्या उरल्या होत्या का?" मग म्हणाल्या, दिवाळीनंतर अंतिम अहवाल पाठवायचा आहे, अजून एक फेरी बसते, लावा.

पण घरी वेगळंच झालं होतं. अण्णांनी चाकावरचं स्वस्तिक फडक्यानं पुसून टाकलं होतं. पाटी काढली होती. गॅलरीत खुर्ची होती आणि हत्यारपेटी नव्हती. मी माळ्याकडे पाहिलं. होती, भिंतीला लागून, अगदी आत ढकललेली.

"मशीन कॉलेजात न्या," ते समोरच्या बांधकामाकडे बघत म्हणाले. "हितं नको. पुन्यांदा काय झालं तर?"

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत गेले आणि खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवून बोलले असते तर इतकं वेडंवाकडं बोलले नसते.

"अण्णा, मटकी पुन्हा भिजत घालता येते. घरात डबाभर पडलीय. तुम्ही पुन्हा या खुर्चीत बसलात, ते मला बघवत नाही. मागच्या दोन वर्षांत मी रोज घरी येताना आधी खालून गॅलरीकडे बघायचे, आणि तुम्ही दिसलात की मला रडू यायचं. मशीन मी कॉलेजला नेणार नाही. तुम्ही चालवणार असाल तर दुसरी फेरी लावीन. नाहीतर नाही लावणार."

"आन तुझं शिक्षान?"

"जाऊ दे."

"येडी हायस का?"

"हो."

ते हसले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोही पुरता नाही, जरासा. मग आईनं जेवायला हाक मारली आणि आम्ही आत गेलो.

सकाळी मला जाग आली ती स्टूल सरकवल्याच्या आवाजानं. अण्णा माळ्यापाशी स्टुलावर उभे होते आणि पेटी अर्धी बाहेर आली होती. खालून आई दोन्ही हातांनी स्टूल धरून म्हणत होती, "अहो, हळू. पेटी पडली तर पडू दे, तुम्ही पडाल त्याची भीती आहे मला."

दुसरी फेरी नीट झाली. मुळं आपापल्या वाटेनं गेली, कुठे कोपर नाही. आम्ही दोन्ही फेऱ्यांचे फोटो पाठवले, बिघडलेल्या फेरीचेसुद्धा, अडीच तासांसकट. वर जाणाऱ्या प्रयोगांत आमचा आला नाही. राखीव प्रयोगांत आला, म्हणजे पुढच्या वेळी जागा झाली तर. जोडीदारीण फोन ठेवून हमसून रडली, मग आईच्या हातचा शिरा खाऊन गप्प झाली. आता ती नागपूरला नोकरी करते आणि मी इथेच मॅडमकडे पुढचं काम करते. मटकी अजून जमिनीवर आहे. मॅडम म्हणतात, रस्त्यांची कामं बघता तुमची मटकी अवकाशात आधी पोचेल आणि तुम्ही धायरीहून कॉलेजात नंतर.

यंदा नवमीला मी मुद्दाम घरी थांबले. सहा तबकड्यांचं नवं चाक अडगळीच्या खोलीत चालू होतं, फेरीचा मधलाच दिवस होता. अण्णांनी आंघोळ केली, पाट मांडला, हत्यारं पुसली, एकेकाला कुंकू लावलं. मग कुंकवाची वाटी घेऊन ते खोलीत शिरले. मी हिरवा टॉर्च धरून मागे उभी राहिले. आई दारात होती. ते चाकासमोर बराच वेळ उभे राहिले आणि त्यांचा हात, सवयीनं, बटणाकडे गेला. मी टॉर्च तसाच धरून ठेवला.

हात मागे आला. "राबू दे," ते चाकाला म्हणाले, त्या मऊ आवाजात. "तुझा इसावा माझ्याकडं हाय. संपलं की देतो."

मग त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि चाकाला टेकवलं. टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. बोट हललं नाही. त्याच्याखालून चाक सावकाश सरकत गेलं आणि मागे कुंकवाची बारीक रेघ उमटत गेली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. एक फेरा पुरा झाला तेव्हा ती रेघ जिथून निघाली होती तिथेच येऊन मिळाली. अण्णांनी बोट उचललं आणि हात जोडले.

मटकीला यातलं काहीच कळलं नाही.